बोला, नागपूर

मला गप्प बसवणं सोपं नाही. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, म्हणजे दिवसातले पाच तास हक्काने बोलत होतो, आणि उरलेल्या वेळासाठी सोसायटीच्या मीटिंगा होत्याच. वानखेडेबाईंनी मला पहिल्याच भेटीत गप्प केलं, आणि तेही माझ्याच विषयात. तो राग मी दोन आठवडे बाळगून होतो.

कर्वेनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा होता. तिथे आधी पिठाची गिरणी होती, मग झेरॉक्सवाला आला, आणि नवं शतक उजाडता उजाडता संध्या मेश्राम नावाच्या बाईने तिथे इंटरनेट कॅफे काढला. चार कॉम्प्युटर, प्लायवूडच्या आडोशात एकेक खुर्ची, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दारात चपलांचा ढीग. कॉम्प्युटरला धूळ बाधते अशी तेव्हा सगळ्यांची ठाम समजूत होती. एरवी पोरं यायची ती ईमेल करायला नाहीतर नोकऱ्या शोधायला. रविवारी सकाळी मात्र गर्दी वेगळी असे. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी सॉफ्टवेअरच्या निमित्ताने अमेरिकेला गेलेलं होतं. तिकडे शनिवारची रात्र असायची, आणि इकडे त्यांचे आईवडील अंघोळी आटोपून, ठेवणीतले कपडे घालून गाळ्यात हजर. कॅमेरे नव्हते, कुणाला काही दिसणार नव्हतं. तरी काकू गजरा माळून यायच्या.

आता त्या बोलण्याची गंमत सांगतो, कारण आजच्या पोरांना ती सांगूनही खरी वाटत नाही. टेलिफोनच्याच तारेवरून, मोडेम नावाच्या एका डबीतून इंटरनेट यायचं. ती डबी आधी मिनिटभर किंचाळायची, मग कधी लागायची, कधी नाही. लागली तरी तुमचा शब्द तिकडे पोचायला सेकंद-दीड सेकंद जायचा. तेवढ्यात समोरच्याला वाटायचं आपण बोलावं. दोघं एकदम बोलत, दोघं एकदम थांबत, पुन्हा दोघं एकदम बोलत. अरुंद दारात दोन सभ्य माणसं समोरासमोर आली की जे होतं तेच. त्यात आवाज असा दाबून, चुरगळून यायचा की सख्खा मुलगा रेडिओच्या आतून बोलतोय असं वाटे.

मी गाळ्यात जायचो तो निव्वळ हौसेने. मशिनं बिघडली की बघून द्यायचो आणि न विचारता माहितीही द्यायचो. त्या रविवारी काळे पती-पत्नी मुलाशी बोलत होते. बोलत म्हणजे, "ऐकू येतंय का रे?" एवढंच. तिकडून "हो बाबा, तुम्हाला येतंय का?" इकडून "काय म्हणालास?" असं आठ मिनिटं चाललं होतं. मी पुढे होऊन काळ्यांना बँडविड्थ समजावून सांगायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, तुमचं पुस्तक बरोबर असन. पण लाईन पुस्तक वाचत नाही नं."

साठीच्या आसपासच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. याच वानखेडेबाई, संध्याची आई, आठवड्यापूर्वीच नागपूरहून राहायला आलेल्या. त्यांनी मला बाजूला केलं, काळ्यांच्या डोक्यावरचा हेडफोन नीट बसवला आणि म्हणाल्या, "ऐकू येते का, हे विचारायचंच नाही. 'काय जेवला?' असं विचारा. तो 'वरणभात' बोलला, म्हणजे आलं ऐकू. अन् आपलं झालं की 'बोला' म्हणा, मंग चुप बसा. तो 'बोला' म्हणेपर्यंत जिभेले आवरा."

काळ्यांनी विचारलं, "काय जेवलास? बोला." दीड सेकंद शांतता. मग तिकडून, "पिझ्झा. बोला." काळेकाकू रडायलाच लागल्या. पिझ्झ्यामुळे की आवाजामुळे, ते कळलं नाही.

वानखेडेबाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला थेट नंबर फिरवायची सोय नव्हती तेव्हा ट्रंक कॉल लावायला लागायचा, आणि तो जोडून देणारं माणूस म्हणजे ऑपरेटर. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तारा जोडायच्या बोर्डावर त्यांनी तीस वर्षं कानाला यंत्र लावून काढली होती. त्या अनुभवापुढे माझी पदविका पाणी भरत होती हे मला पुढे कबूल करावं लागलं. मोडेम किंचाळायला लागला की त्या भाजी निवडता निवडता सांगत, "आज अठ्ठावीसच्या वर जात नाही." मी स्क्रीनवर लाईनचा वेग बघायचो, तर अठ्ठावीस. मी त्या किंकाळीचा आलेख फळ्यावर काढून दाखवू शकत होतो, पण कानाने ओळखू शकत नव्हतो. मी खोदून खोदून विचारायचो तर त्या म्हणत, "आवाजच सांगतो बाप्पा. तुम्हाले पोटदुखी आलेख पाहून समजते काय?"

हळूहळू रविवारचा सगळा कारभार त्यांच्याकडे आला. त्यांचा एक नियम होता: खुर्चीवर बसण्याआधी मुद्दा चिठ्ठीवर लिहायचा आणि लाईन लागताच तो आधी बोलायचा. हा नियम आपल्या लोकांच्या मुळावरच येतो. आपण आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मग हवापाणी, मग शेजाऱ्यांची मुंज, आणि निघताना, चपला घालताना खरी गोष्ट काढतो. ट्रंकच्या तीन मिनिटांत असे हजारो लोक त्यांनी पाहिले होते. "कुत्रं कसं हाये विचारत बसत, अन् बाप दवाखान्यात हाये ते सांगायच्या आत लाईन कटे," असं त्या सांगत.

आमच्याच इमारतीतले गोडबोले एकदा चार पानं घेऊन आले. निवृत्त कारकून, मुद्द्यांना आकडे घातलेले. पाण्याची टाकी, लिफ्टचा दरवाजा, मावसभावाचं लग्न. बाईंनी चारही पानं शांतपणे वाचली आणि सतराव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'जाता जाता : माझे हृदयाचे ऑपरेशन ठरले आहे.'

"हे पहिलं," बाई म्हणाल्या.

"अहो, एकदम कसं सांगायचं? त्याला काळजी वाटेल."

"वाटू द्या. कायले मोठं केलं मंग त्याले?"

गोडबोले पहिलं वाक्य तेच बोलले. तिसऱ्या वाक्याला लाईन तुटली. पण मुलगा पाचव्या दिवशी दारात उभा होता. त्यानंतर आमच्या सोसायटीत बाईंचा शब्द खाली पडेना. 'बोला' म्हणायची सवय तर इतकी लागली की काळे पती-पत्नी घरातही तसंच बोलायला लागले, आणि काकूंच्या मते संसारात प्रथमच त्यांना वाक्य पूर्ण करायला मिळालं.

मला एका गोष्टीचं कुतूहल होतं. सगळ्यांचे फोन लावून देणाऱ्या या बाई स्वतः कुणालाच फोन लावत नव्हत्या. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माहं माणूस सापडू द्या आधी."

त्याच सुमाराला एक दिवस मोडेम किंचाळला आणि बाई म्हणाल्या, "चांगली लागली." लाईन लागलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग माझ्या लक्षात आलं की त्या हेडफोन नेहमी डाव्या कानाला धरतात आणि उजवीकडून कुणी बोललं तर सगळं अंग वळवून बघतात. मी संध्याकडे विषय काढला, पण उत्तर बाईंनीच दिलं. बोर्डावरचा उजवा कान केव्हाच गेला होता. आता डावाही चालला होता. डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं, त्यात आवाज मोठा यायचा पण शब्द विरघळून जायचे. "वर्षभर चालन म्हणतात. तेवढ्यात मले पुणे ऐकायचं हाये," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलतायत. पण तसं नव्हतं.

बोर्डावर ऑपरेटरला नाव नसे, गावाचं नाव असे. नागपूरहून पुण्याला कॉल जोडायचा तर वानखेडेबाई म्हणत, "पुणे, नागपूर बोलतंय," आणि तिकडून एक बाई म्हणे, "बोला, नागपूर." त्या बाईशी त्या एकोणीस वर्षं बोलल्या. खाजगी बोलायला सक्त मनाई, त्यामुळे दोन कॉलांच्या मध्ये जेवढी फट मिळेल तेवढंच. एखादं वाक्य सकाळी, त्याचं उत्तर दुपारी. पोरांचे दात, सासूची आजारपणं, एक विनोद जो सोमवारी सुरू झाला आणि गुरुवारी संपला. ती लीला आहे एवढं कळलं होतं, आणि बिबवेवाडीत राहते, कारण एकदा ती वैतागून म्हणाली होती, "बिबवेवाडीत आज चार दिवस पाणी नाही, आणि सोसायटीत सगळे टेलिफोनवालेच, तक्रार कुणाकडे करू?" मग थेट नंबर फिरवायची सोय झाली आणि एके दिवशी बोर्ड बंद झाला. दोघींनी एकमेकींचा पत्ता घेतलेला नव्हता. फोन नंबरही नाही. टेलिफोन खात्यातल्या दोन बायका!

"कसं काय हो?" मी म्हणालो.

"लाईन होती नं रोज. लाईन जाईन असं कोणाच्या मनात येते?"

"पण आडनाव तरी?"

"सर, माझ्या बापानं धम्म घेतला तवा मी शाळेत होती. शाळेत, भाड्याची खोली पाहताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी, सगळ्यायनं आधी मले आडनाव विचारलं, अन् मंग तोंड बदललं. बोर्डावर कोणी नाही विचारलं. तिनंही नाही. म्हणून मी बी नाही." मी आपल्या नावाआधी आडनाव सांगणाऱ्यांपैकी आहे. मला फार शरम वाटली.

पुढच्या सुट्टीला मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून बिबवेवाडीला घेऊन गेलो. टेलिफोनवाल्यांची सोसायटी चौथ्या चौकशीत सापडली. तळमजल्यावर जाळीच्या दाराआड एक वृद्ध गृहस्थ पेपर वाचत होते. ते उठले नाहीत.

"कोण पाहिजे?"

"लीलाबाई. ट्रंक बोर्डावर होत्या," मी म्हणालो.

"आडनाव?"

"माहीत नाही जी," बाई म्हणाल्या.

"आडनाव माहीत नाही आणि भेटायला आलात. आपली ओळख कशी?"

"एकोणीस वर्षं बोलत होतो आम्ही."

"एकोणीस वर्षांत आडनाव विचारायला सवड मिळाली नाही?"

"सवड होती. जरूर नव्हती."

गृहस्थांनी पेपर खाली ठेवला. "आपण कुठून आलात?"

"नागपूर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दार उघडलं. "म्हणजे त्या नागपूर? अहो, मी पुण्याच्या बोर्डावर सुपरवायझर होतो. तुम्हा दोघींच्या गप्पांपायी मी तिला दोन मेमो दिलेत. या, आत या. चहा टाकायला सांगतो."

लीलाबाई नवरा गेल्यावर मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या होत्या. सुपरवायझरांकडे आलेल्या त्यांच्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेवर मुलाचा ईमेल होता. सुपरवायझरांनी आडनावही सांगितलं. बाईंनी ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. वहीत त्यांनी 'लीला' एवढंच लिहून घेतलं.

ईमेलला उत्तर आलं लीलाबाईंच्या सुनेचं, मुग्धाचं. 'आई नागपूरबद्दल इतकं बोलतात की आम्हाला वाटायचं त्यांचं माहेर तिकडचं आहे,' असं तिने लिहिलं होतं. रविवार ठरला. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. सगळ्यांना मुद्दा लिहायला लावणाऱ्या बाईंकडे चिठ्ठी नव्हती.

"तुमचा मुद्दा?" मी चिडवलं.

"मुद्दा नाही. मले फक्त तिचा आवाज पाह्यजे. अजून येते तेवढ्यात." असं म्हणत त्यांनी हेडफोन तीनदा काढून तीनदा लावला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. लाईनवर लक्ष ठेवायला म्हणून मी दुसरा हेडफोन जोडून शेजारी बसलो.

"पुणे, नागपूर बोलतंय," बाई म्हणाल्या.

दीड सेकंद गेला. मग त्या चुरगळलेल्या आवाजात, पण अगदी ठाशीव, आलं, "बोला, नागपूर."

बाई ताठ झाल्या. साठीच्या बाई माझ्या डोळ्यांदेखत ड्युटीवर बसल्यासारख्या बसल्या.

"लीला, रिटायर कधी झाली तू? बोला."

"इथे थंडी फार आहे गं. मुग्धा पायमोजे आणून देते. बोला."

"बरं झालं. पेन्शन लागली नं वेळेवर? बोला."

"थोरला व्हायोलिन शिकतो. धाकटा नुसता उंडारतो. बोला."

मी हेडफोन तपासला, तार हलवून पाहिली. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात मुग्धाची अक्षरं उमटली: 'काका, खरं सांगू का, आईंच्या कानांना गेल्या वर्षापासून शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो. तिकडे तरी ऐकू येतंय का? थांबवायचं का?' मी एका बोटाने टाइप केलं, 'इकडेही तीच परिस्थिती. थांबवू नका.'

तेवीस मिनिटं त्या दोघी बोलल्या. त्या लाईनवर मी आजवर शेकडो बोलणी ऐकली होती, इंजिनियरांची, प्रोफेसरांची. एकमेकांच्या बोलण्यावर एकदाही न आदळलेली ही पहिलीच. एक थांबे, दीड सेकंद जाई, मग दुसरी सुरू करी. शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, आणि एक अक्षरही एकमेकांवर पडलं नाही. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त हेवा वाटला.

शेवटी बाईंनी हेडफोन काढला. आता यांना कसं सांगायचं, या विचारात मी नको ते विचारून बसलो. "काय म्हणाल्या लीलाबाई?"

"मले काय मालूम? सुरुवातीचं 'बोला नागपूर' तेवढं समजलं. आवाज तिचाच होता." त्या पदराने कान पुसत होत्या. "अन् तिलेही काही ऐकू आलं नाही, हे बी सांगू नका आता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तो गुरुवारी संपला तो जोक सांगितला नं मी. ती हसली नाही." मग साडी सावरत उठल्या आणि संध्याला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी हाच टाईम सांगून ठेव."

तो रविवार आला, आणि मग प्रत्येक रविवार. पुढे तारा सुधारल्या, आवाज स्वच्छ झाले, कॅमेरे आले. बाकीचे लोक घरूनच बोलू लागले आणि गाळा ओस पडत चालला. मुग्धाने तिकडे कॅमेरा बसवला आणि इकडे बसवायची गळ घातली. बाईंनी साफ नकार दिला. "तोंड पाहून काय करू? ते तोंड मी पाह्यलंच नाही कधी. कोणीतरी दुसरीच बाई बसली हाये असं वाटन मले."

दोन वर्षांनी आम्ही खडकवासल्याच्या बाजूला घर घेतलं. सामानाचा टेम्पो भरला तो नेमका रविवारच्या सकाळी. निरोप घ्यावा म्हणून मी गाळ्यापाशी गेलो. दार लावलेलं होतं, काचेतून आत दिसत होतं. बाई हेडफोन लावून बसल्या होत्या. तोवर त्यांचा डावा कानही पुरता गेलेला होता, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. शेजारी संध्या दुसरा हेडफोन लावून, मान खाली घालून ऐकत होती. तिचा एक हात आईच्या खांद्यावर होता. थोड्या वेळाने, तिकडचं बोलणं संपलं असावं, तिने खांद्यावर दोनदा हलकेच थोपटलं, आणि बाई बोलू लागल्या. तिकडे न्यू जर्सीत मुग्धाही असंच करते, असं तिने मला कळवलं होतं.

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. काचेबाहेर मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी बाईंचं बोलून होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.